पाव फेरा

११ फेब्रुवारी

बाबा,

माझं सगळं फिरलं ते परीक्षेच्या हॉलमधून उठलो तेव्हा नाही. कॉलेजला तसं वाटतं, तुम्हालाही तसंच वाटत असणार. फिरलं ते त्याच संध्याकाळी, तुमच्या वर्कशॉपच्या दारात. मी सांगत होतो आणि तुम्ही लेथ बंदसुद्धा केला नाहीत. मान वर न करता म्हणालात, "जा मग आईकडे. दोघं एकाच माळेचे मणी. अर्धवट टाकून उठणारे."

मी पडत्या फळाची आज्ञा मानली. रागावून बोलला होतात हे मला कळत होतं, पण तेव्हा डोक्यात राख घालून घ्यायला मला निमित्तच हवं होतं.

आईने दार उघडलं तेव्हा तिच्या हातात कोरणी होती, चष्मा कपाळावर. तिने आधी माझी बॅग पाहिली, मग मला.

"परीक्षा?"

"सोडली."

"किती पेपर राहिले?"

"तीन."

"आत ये. दार जरा उचलून लाव, नाहीतर लागत नाही."

बस्स. एवढंच. तिने आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. दीड वर्षापूर्वी आजीचे दिवस झाल्यावर ती घर सोडून गेली तेव्हा मी तिला काय काय बोललो होतो, ते तिला आठवत असणारच. तिने चहा टाकला आणि माझ्यासाठी पुठ्ठ्यांचा ढीग हलवून गादीला जागा केली.

दोनच खोल्या आहेत. आतल्या खोलीत ती झोपते. बाहेरच्या खोलीत छापायचं यंत्र झोपतं, आणि आता त्याच्या पायाशी मी. एका बंद पडलेल्या छापखान्याकडून घेतलंय म्हणे. दोन जाड रोलर, मधून सरकणारा लोखंडी पाट, बाजूला मोठं चाक. घरमालकीणबाई खाली राहतात. त्या विचारत होत्या, "बाई, एवढं चाक फिरवता, दुसऱ्यांचे कपडे पिळून देता की काय?" आई म्हणाली, "नाही हो, माझेच पिळते."

तुम्हाला पत्र लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. फोनवर तर नकोच, फोनवर तुम्ही 'हं' म्हणता आणि मी ओरडतो. पण घोडं अडलंय या यंत्रापाशी. त्यातून कागद बाहेर येतो तो डाव्या अंगाला फिका. आई त्या बाजूला कागदाच्या घड्या घालून कशीबशी निभावते. एप्रिलमध्ये तिची चित्रं प्रदर्शनाच्या हॉलमध्ये लागणार आहेत. या वयात पहिल्यांदाच. वर्कशॉपवाल्याचा मुलगा असून मला यातलं ओ की ठो कळत नाही. काय करायचं ते कळवा. हे पत्र तिला माहीत नाही.

तुमचा,
मणी


२४ फेब्रुवारी

बाबा,

कार्ड मिळालं. मायना नाही, खुशाली नाही, नुसतं: "वर्तमानपत्राच्या दोन सारख्या पट्ट्या घे. रोलरच्या दोन टोकांखाली एकेक ठेव. दाब दे. दोन्ही ओढून बघ. सहज निघेल त्या बाजूचा स्क्रू पाव फेरा आवळ. एकदम जास्त नाही. पुन्हा ओढून बघ."

मी अर्थातच एकदम अर्धा फेरा आवळला. पट्टी फाटली आणि चाक जागचं हलेना. मग सोडून, पाव पाव करत, पुन्हा ओढत बसलो. दुपार गेली. आई बाजारातून आली तेव्हा दोन्ही पट्ट्या सारख्याच चिवट झाल्या होत्या. तिने एक कागद काढून पाहिला. कडेपर्यंत रंग एकसारखा. तिने तो उजेडात धरला, परत धरला.

"कोणी सांगितलं तुला?"

"सुचलं."

"पाव पाव फेरा तुला सुचला?"

"हो."

"बरं," म्हणाली, आणि रोलरवरून असा हात फिरवला की मी खिडकीबाहेर बघायला लागलो. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात या घरात कोणी कोणाला ऐकत नाही.

ती काय करते ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. लिनोलियमची एकच पाटी असते. आधी जे पांढरं हवं ते कोरून काढायचं, मग उरलेल्या पाटीवर सगळ्यात फिका रंग लावून सगळे कागद छापायचे. ते वाळले की तीच पाटी आणखी कोरायची, त्याच कागदांवर दुसरा रंग. मग आणखी कोरायची, तिसरा. शेवटी पाटीवर जवळजवळ काहीच उरत नाही, सगळं कागदावर गेलेलं असतं. एकदा पुढे गेलं की मागचा रंग पुन्हा छापता येत नाही.

मी म्हटलं, "हे आत्महत्येचं काम आहे. चुकलं तर?"

"चुकलं तर चुकलेलं घेऊन पुढे."

"नवी सुरुवात करायची नाही?"

तिने कोरणी खाली ठेवली. "सगळे मला तेच म्हणतात बघ. वा, या वयात नवी सुरुवात, पाटी कोरी केलीत. अरे, कोरी कुठे? मी कॉलेजचं शेवटचं वर्ष सोडलं तेव्हा तू पोटात होतास. मग तुझं दुखणंखुपणं, आजींचं अंथरूण. ते पुसायचं म्हटलं तर माझ्याकडे राहतं काय? पाटी तीच आहे. मी फक्त पुढचा रंग लावतेय." मग म्हणाली, "आणि मनगट दुखतं, तेही लिही पत्रात."

बाबा, म्हणजे तिला माहीत आहे.

ती अर्धवट टाकून उठणारी नाही, एवढं तुम्हाला सांगायचं होतं. माझं मी बघून घेईन. मी उठलो ते एका व्यक्तीमुळे. त्याबद्दल लिहिणार नाही.


९ मार्च

बाबा,

तुमच्या कार्डात मनगटासाठी चाकाच्या दांड्याला लाकडी मूठ बसवायचं सविस्तर लिहिलंय, आकृतीसकट. आणि खाली एक ओळ: "ती व्यक्ती पास होईल ना?"

आईला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की चष्मा पडला. तुम्हा दोघांना माझी थट्टा करायला पत्ता एकच लागतो असं दिसतंय.

होईल ती पास. पहिली येईल. मी तिला तेरा पानी पत्र लिहिलं होतं, तिने ते वाचून परत दिलं आणि म्हणाली, "परीक्षा दे आधी. नंतर बोलू." नंतर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस काळीज काढून ठेवतो आणि समोरची त्याला वेळापत्रक दाखवते. दुसऱ्या दिवशी पेपरात पहिला प्रश्न वाचला, तिची वेणी दोन बाकं पुढे दिसत होती, आणि उठलो. आता वाटतं, तिने निदान वळून तरी बघायचं. गेल्या रविवारी मी बॅग भरली होती, जाऊन तिच्या दारात उभं राहायचं आणि काय तो सोक्षमोक्ष लावायचा म्हणून.

आईने अडवलं नाही. म्हणाली, "जा. पण जाण्याआधी ते कागद तारेवर लाव, मला उंच हात होत नाही."

कागद तारेला लावता लावता मी थांबलो. तोवर मी नुसते डाग बघत होतो: पिवळे, मग मातकट. आता तिसरा, राखाडी रंग चढला होता आणि एकदम चित्र दिसायला लागलं. जिन्याच्या पायऱ्या वरून खाली उतरतात. खाली एक दिवा लोंबतोय. दिव्याखाली लेथ, आणि त्यावर वाकलेला पाठमोरा माणूस. कॉलर अर्धी आत, अर्धी बाहेर. एका पायाची टाच उचललेली.

बाबा, तुम्ही आहात ते. तारेवर ओळीने वाळत घातलेले तुम्ही.

मला राग आला. का ते सांगता येत नाही. मी म्हटलं, "एवढंच होतं तर गेलीस कशाला?"

"कशाला ओरडतोस? खाली ऐकू जातं."

"जाऊ दे."

तिने मला स्टुलावर बसवलं. "हे बघ. मी चहा घेऊन त्या पायरीवर यायचे. यांचा लेथवरचा काप संपल्याशिवाय हे वळायचे नाहीत. बरोबरच होतं ते, मध्ये थांबलं तर काम बिघडतं. मग मी उभी. चहा गार होईपर्यंत माणसाने करायचं काय? बघायचे. उजेड कुठे पडतो, पाठ कशी वळते. कॉलेजात शिकले नसेन तेवढं बघायला तिथे शिकले."

"मग?"

"मग काय. इतकं साठलं की भांडी घासताना फेसात रेघा दिसायला लागल्या. ते कुठेतरी ओतायला हवं होतं. मला कोणी अडवलं नाही रे. तेच तर. अडवलं असतं तर भांडून वेळ घेतला असता. तुझे बाबा म्हणाले, कर की. आणि मशीन सुरू केलं."

"म्हणजे तू रागावून आलीस."

"रागावले असते तर ही पाठ काळी केली असती. एका हाताचं काम होतं." तिने कागदाकडे मान वळवली. "उलट तिथे अजून रंगच लावत नाहीये."

बॅग मी नंतर उघडली. शाई पुरती वाळायला आठवडा लागतो म्हणाली, तोवर मी कुठे जातो?


२७ मार्च

बाबा,

या पत्रासोबत पुठ्ठ्याची नळी येईल. त्यात चित्र आहे, पुरं झालेलं. शेवटचा काळा चढवला तेव्हा चाक मी फिरवलं, तुमच्या मुठीने. पाटीवर आता जिन्याच्या कडा आणि लेथची सावली तेवढी उरलीय. कागद उचलताना आईचा श्वास ऐकू येत होता.

आईला न सांगता पाठवतोय. जरा सुरकुतलेली म्हणून तिने एक प्रत बाजूला ठेवली होती, आणि नशिबाने टेबलावर एक रिकामी नळीही पडली होती. तुम्ही न बघता ते चित्र हॉलमध्ये लोकांनी बघावं, हे मला बरोबर वाटत नाही.

काल मी तिच्याबरोबर हॉलवर गेलो होतो, भिंत ठरवायला. तिथली व्यवस्था बघणारी मुलगी माझ्याएवढी. आईला खुर्ची देत म्हणाली, "बसा ना मावशी. तुम्ही कोणाच्या आई?"

आई म्हणाली, "याची. पण चित्रं माझी आहेत."

मुलगी शरमेने लाल झाली. मी काही तरी तोडून बोलणार होतो, आईने माझ्या पायावर पाय ठेवला. पण येताना ती जिन्यावर मध्येच थांबली आणि म्हणाली, "माझ्या वर्गातल्यांची चित्रं त्याच हॉलमध्ये लागून, उतरून, जुनी झाली. मी तिथे नव्याने हसं करून घ्यायला तर चालले नाहीये ना?"

मी म्हटलं, "नाही." दुसरं काय म्हणणार? मी कोण? परीक्षेतून पळालेला. माझ्या 'नाही'ला वजन किती? ते तुम्ही म्हणायला हवं, बाबा. स्क्रू कसा आवळायचा ते कार्डावर लिहून भागतं. हे नाही भागत.

बारा एप्रिलला, रविवारी, उघडतंय. या.

आता मला जे वाटतं तेही लिहूनच टाकतो, मग फाडा हवं तर. ती तुमच्या कार्डांची वाट बघते. पोस्टमनची सायकल वाजली की तिची कोरणी थांबते. कार्ड हातात घेऊन आधी तुमचं अक्षर बघते, मग मला देते, "तुझं आलंय" म्हणून. तुम्ही तिला एक ओळ लिहिली असती तर काय तुमचा लेथ बंद पडला असता?


५ एप्रिल

बाबा,

नऊ दिवस झाले. यंत्राबद्दल विचारलं की परतीच्या टपालाने उत्तर येतं. चित्राबद्दल नाही.

आई काही विचारत नाही. ती बाकीच्या चित्रांना मागून दोऱ्या बांधतेय. काल माझ्या नावाचं पत्र आलं, तुमचं समजून ती जिना उतरून खाली गेली होती. ते त्या व्यक्तीचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिचं पत्र आलं आणि मला धड आनंदही करता आला नाही, कारण जिन्यावर आईचा चेहरा बघितला होता.

तुम्हाला यायचं नसेल तर तसं लिहा. 'नाही' एवढं लिहा. मूग गिळून बसू नका. मी मुलगा म्हणून सांगत नाही, त्या यंत्राच्या पायाशी झोपणारा माणूस म्हणून सांगतो: वाट बघणं वाईट. मी एका मुलीची वाट बघत चार महिन्यांत वेडा झालो. आई एकवीस वर्षं त्या पायरीवर उभी होती.


११ एप्रिल, शनिवार

बाबा,

हे पत्र पोस्टात जाणार नाही. घरमालकीणबाईंकडे ठेवतोय, त्या तुम्हाला जिन्याखाली देतील. उभ्यानेच वाचा, वर यायच्या आधी.

तुमचं कार्ड काल आलं. मी ते आईसमोर मोठ्याने वाचलं: "चित्र मिळालं. दहा दिवस बघतो आहे. लेथचं चक, म्हणजे काम पकडून फिरवतात तो भाग, कारागिराच्या डाव्या हाताला असतो. चित्रात उजव्या हाताला आहे. असा लेथ जगात नाही. माणूस मी असेन तर मी डावखुरा झालो आहे. तुझ्या आईने तो लेथ इतकी वर्षं पाहिला आहे, तिच्याकडून ही चूक व्हायला नको होती. कार्डावर समजावता येत नाही. शनिवारी दुपारच्या गाडीने येतो."

वाचून झालं. मला वाटलं, झालं, आता रडते. आई खाली बसली, पदर तोंडाला लावला आणि हसायला लागली. इतकी की बाई खालून ओरडल्या, "अहो, काय झालं?"

"अहो, माझं चक उजवीकडे गेलं!" आईने वरून सांगितलं. बाईंना काय कळलं देव जाणे.

माझ्याही तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पाटीवर जे असतं ते कागदावर उलटं उमटतं. डावं उजवीकडे जातं. म्हणून आधी चित्र उलटून मग पाटीवर उतरवायचं असतं. पहिल्या वर्षाच्या पोरांना हे पहिल्या दिवशी सांगतात, आईनेच मला सांगितलं होतं. बाकी सगळी चित्रं तिने उलटून घेतली. हे एकच नाही. हे तिने पायरीवरून जसं दिसायचं तसं सरळ काढलं, न बघता, डोळ्यांपुढे होतं तसं. मी दोन महिने ते चित्र तारेवर लावतोय, काढतोय, आणि वर्कशॉपवाल्याच्या मुलाला पत्ता नाही.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"पहिला रंग उमटला तेव्हाच. कपाळावर हात मारला."

"मग नवी पाटी का नाही घेतलीस?"

"कापून ठेवली होती की. ती बघ कपाटामागे." तिने डोळे पुसले. "मग म्हटलं, हे बरोबर काढलं तर काय होईल? हॉलमधले म्हणतील छान. तुझे बाबा लिहितील, छान आहे, तब्येतीला जप. आणि उलटं राहिलं तर? हॉलमध्ये कोणाला कळणार आहे? जगात एकाच माणसाला कळेल."

"आणि ती रिकामी नळी?"

"कसली नळी?" म्हणाली, आणि उठून चहा टाकायला गेली.

तेव्हा बाबा, तुम्ही चूक काढायला येताय, तर जरूर काढा. समजावून सांगा, हात करून दाखवा. ती ऐकून घेईल. मात्र लगेच संपवू नका.

आज सकाळपासून ती आतल्या खोलीत आहे. नखांतली शाई घासून काढतेय. मी आल्यापासून पहिल्यांदा. मधूनच विचारते, "गाडी वेळेवर असते का रे?" मी सांगतो, "मला काय माहीत?" मग ती म्हणते, "यायचे तेव्हा येतील, मला काय त्याचं," आणि पुन्हा नळ सोडते.

मी हॉलवर चाललोय. भिंतीत खिळे ठोकायचे आहेत. तुमचं चित्र मधोमध लागणार आहे, दारातून शिरल्या शिरल्या दिसेल असं. उद्या लोक त्या पाठीकडे बघतील, आणि तुम्ही त्यांच्यात उभे राहून तिच्या कानात काही तरी पुटपुटा. काहीही. चक म्हणालात तरी चालेल.

त्या व्यक्तीला मी चित्राबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. तिने लिहिलंय: "एक प्रत माझ्यासाठी ठेव. माझी तोंडी परीक्षा संपली की बघायला येईन. तुझं चिडणं संपलं असेल तर." दोन महिन्यांपूर्वी मी अशा ओळीवर पहिली गाडी पकडली असती. आता उत्तर लिहिलं, की ठेवतो, ये. एवढंच. चिडण्याबद्दल काही लिहिलं नाही, खोटं कशाला लिहा. कॉलेजचं आपण बोलू. दोघांनी आवाज न चढवता जमलं तर.

वरचं दार आतून लावलेलं नसेल. पण ढकलू नका, ढकललं की अडतं. वरची बिजागरी खाली आलीय. मी ती केव्हाच नीट केली असती, मागच्या महिन्यात पेचकसही आणला होता. आईने हातातून काढून घेतला. "राहू दे ते दार," म्हणाली. "सगळं तूच केलंस तर आलेल्या माणसाने काय करायचं?" पेचकस खिडकीत ठेवलाय.

हे यंत्राच्या पाटावर कागद ठेवून लिहितोय. खाली रस्त्यावर गाड्यांचा आवाज वाढलाय. आई आतून विचारतेय, "कुठे निघालास? जेवायचा थांब ना."

"खिळे," मी म्हटलं.

"आत्ता?"

"आत्ताच."

नळ बंद झाला.

चपला घातल्या. पत्राची घडी करतो. दार जरा उचलतो, ओढतो, आणि लावून घेतो.